डिकीत बॅटरी न्यायची तर ‘सील्ड’ या शब्दावर थांबू नका

गाडीची बॅटरी बॉनेटखालून डिकीत हलवायची म्हणून दुकानात जाऊन “सील्ड बॅटरी द्या” म्हटलं की काउंटरवर चार वेगवेगळ्या वस्तू येऊ शकतात, आणि चारही विकणारा ‘सील्ड’ म्हणूनच विकतो. बॉनेटखाली बसवायची असेल तर वायू आणि गळतीच्या दृष्टीने यातल्या फरकाने फारसं बिघडत नाही. डिकीत बसवायची असेल तर मात्र सगळं त्या फरकावरच ठरतं.

पहिली वस्तू म्हणजे नेहमीची ‘मेन्टेनन्स-फ्री’. हिला पाणी घालायची बुचं नसतात, झाकण गुळगुळीत असतं, म्हणून ती बंद वाटते. आत मात्र पातळ ॲसिड डचमळतंय आणि झाकणाच्या कडेला वायू बाहेर पडायला भोकं आहेत. कलंडली की तिथूनच ॲसिड बाहेर येतं. दुसरी एजीएम. हिच्यात काचतंतूंच्या गादीने ॲसिड शोषून घेतलेलं असतं, मोकळं काही नसतं, आणि वर दाबाने उघडणारे व्हॉल्व्ह असतात. तिसरी जेल. हिच्यात ॲसिड घट्ट केलेलं असतं. चौथी घरच्या यूपीएसची ‘एसएमएफ’ (सील्ड मेन्टेनन्स-फ्री). ती बहुतेक वेळा एजीएमच असते, पण सेल्फ मारण्यासाठी केलेली नसते.

डिकीसाठी पहिली बादच समजा. कारण असं: चार्ज पूर्ण झाल्यावरही करंट जात राहिला की बॅटरीतल्या पाण्याचं विघटन होतं, हायड्रोजन आणि ऑक्सिजन सुटतो. पातळ ॲसिडच्या बॅटरीत हे दोन्ही वायू सरळ बाहेर येतात आणि येताना ॲसिडचे बारीक कणही सोबत आणतात. एजीएममध्ये गादीतल्या रिकाम्या फटींतून ऑक्सिजन निगेटिव्ह प्लेटपर्यंत पोचतो आणि तिथे पुन्हा पाणी तयार होतं. त्यामुळे नेहमीच्या चार्जिंगमध्ये बाहेर जवळपास काहीच पडत नाही. पण अल्टरनेटरचा (इंजिनवर फिरणाऱ्या जनित्राचा) व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडून १५.५–१६ व्होल्ट यायला लागले की एजीएमचेही व्हॉल्व्ह उघडतात. ते त्यासाठीच दिलेले असतात. हवेत हायड्रोजन ४ टक्क्यांपर्यंत गेला की ठिणगीने पेटतो, आणि डिकीत लॅचचा स्विच, दिव्याचा स्विच, ॲम्प्लिफायरची जोडणी अशा ठिणगीच्या जागा असतातच.

आपल्याकडच्या बऱ्याच गाड्या हॅचबॅक आहेत. हॅचबॅकमध्ये डिकी वेगळी नसतेच. पार्सल ट्रे उचलला की ती मागच्या सीटवर बसलेल्या माणसाचीच हवा. सेडानमध्येही सीटच्या पाठीमागच्या फटींतून आणि स्पीकरच्या भोकांतून हवा ये-जा करते. म्हणून एजीएम घेतली तरी वायूची नळी गाडीबाहेर काढायचीच, हे मी सक्तीचं मानतो. कारखान्यातूनच डिकीत बॅटरी घेऊन आलेल्या गाड्या बघा. मूळ मिनीची बॅटरी १९५९ पासून डिकीच्या तळाखाली होती. १९८९ च्या माझदा एमएक्स-५ मध्ये सील्ड बॅटरी असूनही वायूसाठी नळ्या दिल्या होत्या. बीएमडब्ल्यूच्या डिकीतल्या बॅटरीलाही बाहेर जाणारी नळी असते, आणि अनेक मॉडेलांत अपघात झाल्यावर पॉझिटिव्ह केबल छोट्या स्फोटाने तोडून टाकणारा टर्मिनलही असतो. माझदा आणि बीएमडब्ल्यू, दोघांनीही नळी वगळलेली नाही.

आधी हलवायची की नाही ते ठरवा

वजन मागे नेण्यासाठी हे करणाऱ्यांनी एकदा हिशेब मांडावा. १४ किलोची बॅटरी पुढच्या ॲक्सलच्या बरोबर वर आहे, पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २४५० मिमी आहे, आणि ती मागच्या ॲक्सलच्या ४०० मिमी मागे नेली, असं धरा. पुढच्या ॲक्सलवरचा भार साधारण १६ किलोने कमी होतो आणि मागचा तेवढाच वाढतो. याला ५ मीटर जाड तांब्याच्या केबलचे दोन-अडीच किलो आणि पेटी-पट्ट्यांचे दोन किलो जोडा. बाहेर काढलेली बॅटरी ३५ एएचची (अँपिअर-तास, साठवणुकीचं माप), १० किलोची होती आणि आत आलेली एजीएम १८ किलोची आहे, असं झालं तर गाडी एकूण जडच झाली. पुढची चाकं ओढणाऱ्या रोजच्या गाडीत यातून हाती काही लागत नाही, उलट चढावर पुढच्या चाकांची पकड थोडी कमी होते. बॉनेटखाली टर्बोचं पायपिंग बसवायला जागाच उरली नसेल, मागची चाकं ओढणारी जुनी गाडी असेल, किंवा रॅलीची गाडी असेल, तर मात्र कारण पटण्यासारखं आहे.

आणखी एक थांबा. निगेटिव्ह क्लॅम्पवर छोटा बॅटरी सेन्सर असलेल्या गाड्या आता बऱ्याच आहेत. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणाऱ्या गाड्यांत तो हमखास असतो. बॅटरी मागे गेली की सेन्सरलाही त्याच्या बारीक तारांसकट मागे जावं लागतं, आणि गाडीतली एकही अर्थिंगची तार सेन्सरला वगळून थेट निगेटिव्ह पोस्टवर (बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर) घेता येत नाही. घेतली तर गाडीचा बॅटरीचा हिशेब चुकतो आणि चार्जिंग वेडंवाकडं होतं. वायरिंगचा नकाशा हातात नसेल तर अशा गाडीची बॅटरी जागेवरच राहू द्या. वॉरंटीत असलेल्या गाडीलाही हात लावू नका, आणि विमा कंपनीला बदल लेखी कळवा.

मीटर आधी, खरेदी नंतर

बॅटरी निवडण्याआधी अल्टरनेटर काय देतो ते मोजलंच पाहिजे. हाच टप्पा सगळ्यात जास्त वेळा राहून जातो. बॅटरीच्या पोस्टवर व्होल्टमीटर लावा. थंड इंजिन चालू केल्यावर एक आकडा घ्या. मग अर्धा तास गर्दीत गाडी चालवून इंजिन नीट तापल्यावर दुसरा घ्या. दोन्ही वेळा हेडलाइट, एसी आणि ब्लोअर चालू ठेवून बघा, आयडलला बघा आणि २००० आरपीएमलाही बघा.

एजीएमला १४.२ ते १४.८ व्होल्ट मानवतात. ओडिसी ब्रँडसारख्या पातळ शुद्ध शिशाच्या प्लेटवाल्या बॅटरीला १४.४ च्या वरचे लागतात. जेल १४.४ च्या वर नेऊ नये. तिच्यात वायूचे बुडबुडे जेलमध्येच अडकतात, पोकळ्या होतात आणि त्या पुन्हा भरून येत नाहीत. शिवाय एका झटक्यात मोठा करंट देणं जेलला जमत नाही. म्हणून सेल्फसाठी जेल नकोच. गोंधळ असा की दुकानात आणि जाहिरातीत सर्पिल गुंडाळीच्या एजीएमलाही लोक ‘जेल’ म्हणतात. ऑप्टिमाची लाल झाकणाची बॅटरी याचं ठरलेलं उदाहरण. ती जेल नाही, एजीएम आहे.

जुन्या गाडीत यांत्रिक रेग्युलेटर असेल आणि मीटर मधूनच १५ दाखवत असेल, तर आधी रेग्युलेटर बदला. पातळ ॲसिडच्या जुन्या बॅटरीत पाणी घालून हा दोष झाकता यायचा. एजीएममध्ये पाणी घालायला जागाच नाही. गेलेलं पाणी गेलंच. गादी कोरडी पडत जाते, तशी बॅटरी तापते, तापली की आणखी करंट ओढते, आणि शेवटी कुशीवर फुगते.

याच्या उलट दोष जास्त फसवा आहे. बहुतेक अल्टरनेटरमधला रेग्युलेटर स्वतःच्या तापमानावरून व्होल्टेज ठरवतो. बॉनेटखाली तापलं की तो व्होल्टेज खाली आणतो, कारण गरम बॅटरीला कमी व्होल्टेज लागतं आणि बॅटरी शेजारीच आहे असं त्याच्या रचनेत गृहीत आहे. बॅटरी तर आता डिकीत, ३५ अंशांवर. तिला १४.४ हवेत आणि तापलेला रेग्युलेटर १३.७ देतोय. त्यात लांब केबलमधली घट: ३५ चौरस मिमीच्या ५ मीटर तांब्याचा रोध साधारण २.५ मिलिओहम, ४० अँपिअर चार्जिंगला ०.१ व्होल्ट. अर्थिंगच्या बाजूची घट वेगळी. बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही, प्लेटवर सल्फेट साचत जातं, आणि दीड-दोन वर्षांत “एजीएम फालतू निघाली” असा निकाल लागतो. गरम इंजिनला तुमचा आकडा १४ च्या खाली असेल तर एक तर मागच्या बॅटरीवरून व्होल्टेज बघणारी सेन्स वायर असलेला अल्टरनेटर किंवा बाहेरचा रेग्युलेटर हवा, नाहीतर एजीएम मोड असलेल्या चार्जरवर महिन्यातून एकदा रात्रभर लावायची तयारी हवी.

डिकीत नेण्याचा खरा फायदा उष्णतेचा आहे. शिसं-ॲसिड बॅटरी २५ अंशांच्या वर दर ८–१० अंशांना साधारण निम्मं आयुष्य गमावते. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात इंजिनशेजारी बसलेल्या बॅटरीचं काय होतं ते विदर्भातल्या गाडीवाल्यांना सांगायला नको. डिकी उन्हात तापते, पण इंजिनइतकी नाही. फक्त सायलेन्सरच्या वरची बाजू टाळा.

किती एएच, किती सीसीए

छोटी हलकी एजीएम बघून सगळेच मोहात पडतात. ओडिसी पीसी६८० फक्त ७ किलोची आहे आणि तिच्या नावातला ६८० हा पहिल्या पाच सेकंदांचा आकडा आहे. खरा सीसीए (कोल्ड क्रँकिंग अँपिअर, शून्याखाली १८ अंशांना इंजिन फिरवायला मिळणारा करंट) १७० आणि क्षमता १६ एएच. १.२ लिटर पेट्रोलचं इंजिन ती आरामात फिरवते. प्रश्न उभ्या गाडीचा आहे. ईसीयू (इंजिनचा संगणक), अलार्म, रिमोट लॉक, जीपीएस मिळून बंद गाडीसुद्धा ३० ते ५० मिलिअँपिअर पीत असते. ५० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला १.२ एएच. दहा दिवस गावाला गेलात की १२ एएच गेले, म्हणजे पीसी६८० ची तीन-चतुर्थांश. गाडी चालू होणार नाही, आणि असं चार-पाचदा झालं की बॅटरीही राहणार नाही. त्याच गाडीत ६० एएचची एजीएम महिनाभर उभी राहिली तरी निम्म्यापेक्षा थोडीच जास्त उतरते.

म्हणून माझा क्रम असा: गाडी जास्तीत जास्त किती दिवस उभी राहते त्यावरून एएच काढा, मग सीसीए पुरतो का ते बघा. रोजच्या गाडीला सहसा एएच पुरले की सीसीए आपोआप पुरतो. मुंबई-पुण्याच्या हवेत शून्याखाली १८ अंशांचा तो आकडा गाठायची वेळ येतच नाही. फक्त ट्रॅकवर नेण्याच्या, कट-ऑफ स्विच लावलेल्या गाडीला पीसी६८० किंवा तिची मोठी बहीण पीसी९२५ योग्य. पीसी९२५ ची क्षमता २८ एएच, सीसीए ३३० आणि वजन जवळपास १२ किलो.

सीसीए ताडताना आकड्याशेजारी काय लिहिलंय ते वाचा. एसएई (अमेरिकी) आणि ईएन (युरोपीय) आकडे जवळजवळ येतात, पण जुन्या डीआयएन (जर्मन) पद्धतीचा आकडा त्याच बॅटरीला ईएनच्या साधारण ६० टक्केच येतो. युरोपीय मापाच्या ६० एएच एजीएमवर ६८० अँपिअर ईएन आणि ७० एएचवर ७६० ईएन असे आकडे दिसतात. १.५ लिटरपर्यंतच्या पेट्रोलला ६० एएच भरपूर, मोठ्या डिझेलला ७० एएच घ्या.

यूपीएसची एसएमएफ स्वस्त पडते म्हणून बसवणारे बरेच आहेत. तिच्या प्लेट जाड असतात, ती मंद आणि लांब डिस्चार्जसाठी केलेली असते. १२ व्होल्ट ७ एएचच्या डब्याचा अंतर्गत रोध २० मिलिओहमच्या वर असतो. म्हणजे १५० अँपिअर ओढले की ३ व्होल्ट आतच गेले. मोठा ४२ एएचचा डबा सुरुवातीला गाडी चालू करून दाखवतो, त्यामुळे विश्वास बसतो. पण बोल्टने आवळायची बारीक टर्मिनलं आणि खड्ड्यांचा मारा यांसाठी तो बनलेला नाही. लिथियम फॉस्फेट बॅटरीबद्दल एवढंच: वजनात तिला तोड नाही, पण आतल्या बीएमएसने (बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटने) धावत्या गाडीत अचानक जोडणी तोडली की अल्टरनेटरचा उसळलेला व्होल्टेज सगळ्या इलेक्ट्रॉनिक्सवर येतो. रोजच्या गाडीला मी ती सुचवणार नाही.

माप बघताना पोस्टकडे लक्ष द्या. छोट्या जपानी मापाच्या बॅटरीचे पोस्ट बारीक असतात, पॉझिटिव्ह १४.७ मिमी आणि निगेटिव्ह १३. युरोपीय मापाचे १९.५ आणि १७.९. म्हणजे जुने क्लॅम्प उपयोगाचे नाहीत, नवे पितळी घ्या. उजवं-डावं मात्र इथे तुमच्या हातात आहे, कारण केबल तुम्हीच करणार. पॉझिटिव्ह पोस्ट डिकीच्या पत्र्यापासून आणि जॅक-पान्यापासून लांब राहील अशी बाजू निवडा. आणि नळीसाठी झाकणाच्या टोकाला भोक आहे का ते दुकानातच तपासा. दोन्ही टोकांना भोकं असतील तर एकाला बूच, दुसऱ्याला नळी. दोन्ही बंद कधीच नाहीत.

विकत घेताना मीटर खिशात ठेवा. भरलेली एजीएम १२.८ ते १३ दाखवते. १२.६ च्या खाली असेल तर ती कपाटात उपाशी पडलेली आहे, परत करा. तारखेचा कोड वाचून घ्या. सहा महिन्यांपेक्षा जुनी नको.

केबल, फ्यूज, पट्टी

बॅटरी कितीही चांगली असली तरी सेल्फपर्यंत पोचेल तेवढंच तिचं. २०० अँपिअरला ५ मीटर तांब्यात १६ चौरस मिमीची केबल एक व्होल्टहून जास्त खाते, २५ ची ०.७, ३५ ची अर्धा, ५० ची ०.३५. पेट्रोलला ३५ आणि डिझेलला ५० हे सुरक्षित माप. इथे ‘सीसीए’ पुन्हा भेटतो, पण दुसऱ्या अर्थाने. ऑडिओच्या दुकानातल्या स्वस्त जाड केबलवर सीसीए लिहिलं असेल तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियम आहे. तिचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त आणि लग (केबलच्या टोकाचं धातूचं कडं) दाबला की ती सैल पडते. चाकूने एक तार खरवडून बघा, आत पांढरी निघाली तर ठेवून द्या. शुद्ध तांब्याची, उष्णता आणि तेल सोसणाऱ्या रबराची वेल्डिंग केबल याला उत्तम चालते. लग ३५-८ किंवा ५०-८ मापाचे, हायड्रॉलिक प्रेसने षटकोनी दाबलेले. हातोडीने ठोकलेला लग सुटतो आणि नुसतं झाळलेलं टोक कथील जिथे संपतं तिथेच थरथरून तुटतं.

पॉझिटिव्हवर मेगा किंवा एएनएल प्रकारचा, मोठ्या करंटचा फ्यूज बॅटरीच्या २० सेंटिमीटरच्या आत हवा. पेट्रोलला २५० अँपिअर, डिझेलला ३००. सेल्फचा सुरुवातीचा झटका क्षणभराचा असतो, तो फ्यूज सोसतो. केबल दाराखालच्या कडेतून कंड्युटमध्ये (संरक्षक नळीत) न्या, सीटच्या रुळाखालून नको. पत्र्यातून जाते तिथे प्रत्येक ठिकाणी रबरी ग्रोमेट. एजीएमचा अंतर्गत रोध ४–५ मिलिओहम असतो. केबल चिरून बॉडीला लागली आणि फ्यूज नसला तर दोन हजारांहून जास्त अँपिअर वाहतात आणि गालिचा पेटायला काही सेकंद पुरतात.

निगेटिव्ह जमेल तेवढी आखूड, चेसिसच्या जाड भागावर, रंग खरवडून उघड्या लोखंडावर, १० मिमी बोल्टने. नंतर वरून ग्रीस. कोकणात हे वगळलं तर एका पावसाळ्यात हिरवं-पांढरं साचतं. पुढे इंजिन ते बॉडी ही पट्टीही नव्या केबलइतकीच जाड करा. जुनी बारीक राहिली तर सगळा करंट क्लच किंवा गिअरच्या केबलमधून वाट काढतो आणि ती केबल जळते.

बांधणीसाठी एफआयएच्या (मोटर रेसिंगच्या जागतिक संस्थेच्या) अपेंडिक्स जे मधला नियम साध्या गाडीलाही लावावा: धातूची बैठक, वेष्टन असलेल्या दोन धातूच्या पट्ट्या, किमान १० मिमीचे बोल्ट, आणि प्रत्येक बोल्टखाली पत्र्याच्या पलीकडून ३ मिमी जाड, २० चौरस सेंटिमीटरची प्लेट. टक्करीत २० जीचा (गुरुत्वाकर्षणाच्या वीसपट) झटका बसला तर १५ किलोची बॅटरी ३०० किलोच्या जोराने पुढे झेपावते. वेलक्रो आणि नायलॉनचा पट्टा तिला अडवणार नाही. ड्रिल मारण्याआधी खाली वाकून पेट्रोलची टाकी आणि ब्रेकची नळी कुठून जाते ते बघा.

सगळं झाल्यावर गाडीतल्या इंधन पंपाचा फ्यूज काढून सेल्फ मारा आणि मीटरचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह पोस्टच्या शिशावर, दुसरं सेल्फच्या बोल्टवर धरा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आलं तर कुठलातरी लग कच्चा आहे. मग निगेटिव्ह पोस्ट ते इंजिन ब्लॉक: ०.३ च्या आत. पहिल्या लांब प्रवासानंतर बॅटरीच्या कुशीला हात लावून बघा. डिकीत सडक्या अंड्यांसारखा वास आला तर काचा उघडा, गाडी बंद करा आणि बॅटरी थंड होईपर्यंत क्लॅम्पला हात लावू नका. तो ओव्हरचार्जचा वास आहे.

आणि डिकीचं लॅच बटणावर उघडत असेल तर हे आजच तपासा: बॅटरी उतरली तर डिकी उघडणार कशी? किल्लीचं भोक नसेल तर बॉनेटखाली लाल टोपी घातलेला पॉझिटिव्ह बोल्ट आणि शेजारी अर्थिंगचा बोल्ट ठेवा. दुसऱ्या बॅटरीवरून जंपर केबल तिथे लावली की लॅचला वीज मिळते.